पिवळ्या टोपीच्या पुढं

"वय?" मार्करचं टोपण दातात धरून पोरगा विचारतो. मी चव्वेचाळीस सांगते. दंडावर माझा स्पर्धक क्रमांक येतो आणि डाव्या पोटरीवर ४४. वय मागून वाचता यावं अशा बेतानं लिहितात, म्हणजे पुढं पळणारी बाई आपल्या गटातली आहे की नाही हे मागचीला कळतं. बायकांची वयं इतक्या मोठ्या आकड्यांत, तीही त्यांच्याच संमतीनं, लिहिलेली मी दुसरीकडं कुठं पाहिलेली नाहीत.

डिसेंबर, कोल्हापूर, राजाराम तलाव. सहा वाजून गेलेत, पण उजाडायला अवकाश आहे. हवा पाण्याहून गार असल्यानं तलावावर वाफ तरंगते आहे आणि तिच्यातून तीन नारिंगी फुगे अधूनमधून दिसतात. तिन्हींना वळसा घालून काठाला परत यायचं, की साडेसातशे मीटर भरतात. त्यानंतर वीस किलोमीटर सायकल आणि पाच किलोमीटर धावणं. याला स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणतात. ऑलिंपिकमध्ये २००० सालच्या सिडनीपासून जे अंतर असतं, दीड किलोमीटर पोहणं, चाळीस सायकल आणि दहा धावणं, त्याच्या बरोबर निम्मं.

निम्मं म्हटलं की ऐकणाऱ्याचा उत्साहही निम्मा होतो. शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं प्रश्न एकच: "मग आयर्नमॅन कधी?" मिलिंद सोमणनं २०१५ साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिचला आयर्नमॅन पुरं केलं, तेव्हापासून हा शब्द घराघरांत पोचला आहे आणि आमचं सांगलीचं घरही त्याला अपवाद नाही. शंभर मीटर पळणाऱ्याला कुणी "मॅरेथॉन कधी?" असं विचारत नाही. लांबच्या शर्यतीत केळं सोलून खायला, शेजारच्याशी दोन शब्द बोलायला वेळ मिळतो असं ती करणारे सांगतात. इथं पहिल्या मिनिटाला लागलेली धाप शेवटपर्यंत उतरत नाही. मला तेच आवडतं, आणि ते पंगतीत समजावून सांगता येत नाही.

सायकली लावायच्या कुंपणात विजेऱ्या फिरताहेत. लोखंडी दांड्यांवर सायकली सीटनं अडकवलेल्या, प्रत्येकीखाली एक टॉवेल अंथरलेला. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे मोकळे, आत गॉगल. धावण्याच्या बुटांना नाड्यांऐवजी इलॅस्टिक. टाचेला व्हॅसलीन, मोज्यांत टाल्कम पावडर, कारण ओल्या पायात मोजा चढवायला लागतो तेवढा वेळ दुसऱ्या कशालाच लागत नाही. मोजे घालावेत की घालू नयेत यावर या कुंपणात दोन पक्ष आहेत आणि दोघांच्याही टाचांना फोड आहेत. माझ्या डाव्या हाताला कार्बनची सायकल आहे, माझ्या स्कूटरहून महाग. तिचा मालक चाकातली हवा तिसऱ्यांदा तपासतो आहे. मी माझी जागा पाठ करते: आत शिरल्यावर तिसरी रांग, झाडाच्या समोर. पाण्यातून बाहेर आल्यावर डोकं जागेवर नसतं, पाठ केलेलंच कामी येतं.

भोंग्यावरून सूचना चालू आहेत. सायकलीला हात लावण्याआधी हेल्मेट डोक्यावर आणि पट्टा लावलेला हवा. लाल रेषेच्या पुढं गेल्याशिवाय सायकलवर बसायचं नाही. पाण्यात दम लागला तर होडीला धरून थांबायला हरकत नाही, फक्त होडीनं पुढं न्यायचं नाही.

पोहणं आधी का, याचं उत्तर या खेळाच्या जन्मात आहे. १९७४ च्या सप्टेंबरात सान दिएगोच्या मिशन बे इथं छेचाळीस जणांनी जी पहिली शर्यत केली, तिच्यात पळणं आधी होतं आणि पोहणं शेवटी. संध्याकाळची शर्यत, अंधार पडत आलेला, शेवटच्या पोहणाऱ्यांना काठ दिसावा म्हणून मोटारींचे दिवे लावावे लागले. थकलेल्या माणसाला अंधारात पाण्यात सोडणं बरं नव्हे, हे पुढं शहाणपणानं ठरलं. आता आम्ही ताजेतवाने असतानाच आम्हाला घाबरवून घेतात.

उघड्या पाण्याची भीती आहेच. मी पोहायला शिकले ते तरण तलावात, तळाशी काळी रेघ बघत. इथं तळ नाही, रेघ नाही, भिंत नाही.

"ही टोपी कानावरनं घ्यायची का कान भाईर ठिवून?" शेजारून आवाज येतो. पिवळी टोपी हातात धरून एक बाई उभी आहे. अंगानं काटक, कमरेपर्यंतची वेणी, पोटरीवर ५२. पन्नाशीखालच्या आम्हा सगळ्या बायकांना गुलाबी टोप्या आहेत, पन्नाशीवरच्या पुरुषांना आणि बायकांना पिवळ्या. आमची लाट सात वाजता सुटणार, त्यांची आमच्यानंतर तीन मिनिटांनी. मी तिची वेणी गोल गुंडाळून टोपीत कोंबायला मदत करते. ती शिरोळकडची आहे. पोहायला विहिरीत शिकली, कमरेला वाळका भोपळा बांधून. "आन् तुमी?" मी तरण तलाव सांगते. "क्लोरीनचा वास मला सोसत न्हाई," ती म्हणते.

आम्ही काठाच्या चिखलात उतरतो. पाणी घोट्याला लागतं आणि अपेक्षेपेक्षा कोमट निघतं. कयाकमधली मुलगी वीस-बावीसची असेल, माझ्याकडं बघून म्हणते, "मी हाय नव्हं हितं. भ्यायचं न्हाई ताई, मी संगं येतो." मागं चालायला आलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक जण दुसऱ्याला सांगतो आहे की वीरधवल खाडे इथलाच, आशियाई स्पर्धेत पदक आणलं त्यानं. दुसरा आमच्याकडं एकवार बघतो आणि गप्प राहतो.

भोंगा.

वीस-पंचवीस बायका एकदम पाण्यात. कुणाचा तरी हात माझ्या पाठीवर पडतो, कुणाची तरी टाच गॉगलला घासून जाते. पाणी हिरवट काळं, माझा स्वतःचा हात कोपरापुढं दिसत नाही. श्वास घ्यायला तोंड उघडते तर त्यात लाट. छाती आवळते. आत घेतलेला श्वास बाहेरच पडत नाही, त्यामुळं नवा घ्यायला जागा नाही. याच क्षणी लोक होडीकडं हात करतात. मला प्रशिक्षकांचं एकच वाक्य येतं आहे: पाण्यात श्वास सोड, घ्यायचं आपोआप होईल. मी तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडते, मोठ्यानं, जवळजवळ ओरडून. दहा हात मारते. आणखी दहा. आवळलेलं सैल होतं.

पहिल्या फुग्याला गर्दी दाटते आणि वळल्यावर पांगते. दर सहा-आठ हातांनंतर डोळे पाण्यावर काढून खूण बघायची, नाहीतर माणूस सरळ पोहतोय असं समजून भलतीकडं जातो. दुसऱ्या फुग्यानंतर सूर्य समोर येतो आणि खूणच नाहीशी होते. वाफेत नुसता सोनेरी उजेड. मी पुढच्या गुलाबी टोपीच्या पायांचे बुडबुडे धरते. सायकलवर कुणाच्या मागं लपणं हा गुन्हा आहे, पाण्यात चालतं. ती बाई योग्य दिशेनं जाते आहे असा विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. कयाकमधली मुलगी डावीकडं दिसते. "बरोबर हाय! वढा!"

बोटांना चिखल लागतो. उभी राहते आणि अख्खा तलाव एका बाजूला कलतो. इतका वेळ आडवं असलेलं रक्त पायांकडं धावतं आहे. दोन स्वयंसेवक दंडाला धरून वर ओढतात. "एकोणीस!" आमचे हे दोरीपलीकडून ओरडतात. एकोणीस मिनिटं. त्यांच्या हातात फोन आहे, थर्मास आहे, माझा स्वेटर आहे आणि फोटो काढायला एकही हात मोकळा नाही.

तिसरी रांग, झाडासमोर. हेल्मेट, पट्टा, टक्. गॉगल. नंबराचा पट्टा कमरेला, आकडा पाठीवर. उजव्या पायात मोजा जातो, डाव्यात अर्ध्यावर अडतो. शेजारची कार्बनची सायकल अजून जागेवर आहे, याचा मला होऊ नये तितका आनंद होतो. दांडीवरून सायकल काढून पळत सुटते. कुंपणाच्या तोंडाशी एक जण हेल्मेटचा पट्टा लावायला विसरलेला पकडला गेला आहे आणि पंच त्याला शांतपणे उभा करून पट्टा लावायला लावतात. हा सगळा वेळ घड्याळात धरला जातो. घोट्याच्या पट्ट्यातली चिप कुंपणात शिरताना एकदा बोलते, बाहेर पडताना एकदा. पोहणं, सायकल आणि धावणं यांच्या जोडीला कपडे बदलणं हा चौथा खेळ आहे असं म्हणतात. त्याचा सराव मी घरी गॅलरीत केला आहे. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींनी काळजीनं फोन केला होता.

उजळाईवाडीकडून हायवेच्या कडेनं रस्ता गोकुळ शिरगावच्या दिशेनं जातो. एक पट्टा आम्हाला मोकळा करून दिला आहे, शंकूंच्या पलीकडं ट्रक. ओल्या अंगावर वारा लागतो आणि पहिली पाच मिनिटं दात वाजतात. साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात आहे. उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक, ट्रॅक्टरवर गाणी मोठ्यानं लावलेली. रस्त्यावर पडलेली कांडी बारीक टायरखाली आली तर काय होईल हा विचार मी चाकाच्या पुढं दहा फूट नजर ठेवून दूर ठेवते. कुठून तरी गुऱ्हाळाचा वास येतो, उकळत्या काकवीचा, आणि रिकाम्या पोटात कालवतं. शर्यत दीड तासाच्या आसपासची असल्यानं मधे खायची गरज नसते. बाटलीतलं मीठ-साखरेचं पाणी घोटभर, बास.

हळूहळू लय सापडते. जड गिअर टाकून मांड्या मोडून घेण्यापेक्षा हलक्यावर पाय भराभर फिरवायचे, कारण याच पायांनी पुढं पळायचं आहे. मी दोन गुलाबी टोप्यांना, म्हणजे आता हेल्मेटांना, मागं टाकते. एमआयडीसीतल्या कारखान्यांची पाळी सुटते आहे. मोटारसायकलवरचे कामगार थांबून बघतात. एक जण ओरडतो, "ताई, कागल लांब न्हाई, जावा तशाच!" वळायची खूण त्याच्या जरा पुढंच आहे.

आणि वळणाच्या थोडं अलीकडं, उजव्या बाजूनं, कुरकुर ऐकू येते. तेल न घातलेल्या साखळीची. ५२.

सायकल साधी, जाड टायरची, बहुतेक मुलाची. पायात कॅनव्हासचे बूट. माझ्या पायातले बूट पेडलला अडकतात, ते घेताना मी महिनाभर विचार केला होता. ती पाठ ताठ ठेवून, खुर्चीत बसल्यासारखी बसली आहे आणि पाय नुसते चाललेत. वेणी हेल्मेटखालून सुटून पाठीवर आपटते आहे. "डेरीला दूध घालायचो सायकलवरनं," ती जाता जाता सांगते, जणू मी विचारलं होतं, आणि पुढं निघून जाते.

आता नियम असा, की जो मागं पडला त्यानं दहा मीटर अंतर सोडायचं. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की वारा कमी लागतो, ताकद वाचते, म्हणून ते बंद. मोटारसायकलवरचा पंच मागून येतोच आहे. तेव्हा मला मुकाट्यानं पाय सैल सोडून तिला जाऊ द्यावं लागतं, हे सायकलीच्या त्या कुरकुरीपेक्षा जास्त झोंबतं.

"स्पर्धा स्वतःशीच असते" हे वाक्य टी-शर्टवर छापलेलं मी बरेचदा पाहिलं आहे. ज्यांनी ते छापलं त्यांच्या पुढून कधी ५२ लिहिलेली पोटरी गेलेली नसावी. माझी स्पर्धा या क्षणी स्वतःशी अजिबात नाही, ती या बाईशी आहे. आणि गंमत म्हणजे ती स्पर्धा अस्तित्वातच नाही. तिचा गट वेगळा. शिवाय ती माझ्यामागून तीन मिनिटांनी सुटली आहे, म्हणजे हिशेबानं ती मघाशी, माझ्या बरोबरीनं आली तेव्हाच, तीन मिनिटांनी जिंकलेली आहे. मी गणित शिकवते. हे मला कळतं. तरी मी एक गिअर जड टाकते.

परतीला वारा तोंडावर. रस्ता सपाट दिसतो आणि चढ असतो. पाठ दिसते आहे, दिसते आहे, मग एका ट्रॉलीआड जाते.

लाल रेषेआधी उतरायचं असतं. उतरते, आणि गुडघे जाणवतात की जाणवत नाहीत ते ठरवता येत नाही. सायकल दांडीवर लावेपर्यंत हेल्मेटला हात लावायचा नाही. बूट बदलते. नंबर फिरवून पोटावर घेते. तिच्या जागेवर साधी सायकल उभी आहे, साखळी अजून किंचित हलते आहे. म्हणजे लांब नाही.

तलावाच्या काठानं धावायची वाट सुरू होते. दोन फेऱ्या. पहिले पाचशे मीटर पाय माझे नाहीत. पाऊण तास गोल फिरायची सवय लागलेल्या स्नायूंना आता पुढं पडायला सांगितलं आहे आणि ते ऐकत नाहीत. मांड्या लाकडी होतात, पावलं उगाच छोटी पडतात. आपण रांगतो आहोत असं वाटतं, मात्र घड्याळ सांगतं की वेग बरा आहे. याच्यासाठी सायकलवरून उतरल्या उतरल्या धावायचा सराव करतात. सराव केल्यानं दुखणं कमी होत नाही, फक्त ते ओळखीचं होतं.

पहिल्या वळणावर तीन पोरं हलगी घेऊन बसलीत. कुस्तीच्या मैदानात वाजते तशी, कडाडून. पाय आपोआप तिच्या ठेक्यात पडायला बघतात आणि तो ठेका माझ्या ऐपतीबाहेरचा आहे. "नाद खुळा ताई! वढा वढा!" पाण्याच्या टेबलावर एक मुलगा कागदी पेला पुढं करतो. अर्धं तोंडात, अर्धं नाकात. एक तरुण बाजूला ओकतो आहे आणि त्याचा मित्र त्याच्या पाठीवर हात फिरवत त्याला उठून पळायला सांगतो आहे, प्रेमानं, पण सांगतो आहे. ऊन चढलं. सकाळी हवाहवासा वाटलेला स्वेटर आता आठवणीनंही नको होतो.

दुसऱ्या फेरीत ती दिसते. वेणी डावी-उजवी, डावी-उजवी. धावणं तिचं कच्चं आहे. टाचा आपटतात, खांदे कानाशी. मी हळूहळू जवळ जाते. पन्नास मीटर. तीस. तिला बहुतेक माझी पावलं ऐकू येतात, कारण ती मागं न बघताच वेग वाढवते. बावन्न वर्षांच्या बाईनं असं करू नये, असं मला मनापासून वाटतं.

शेवटचा किलोमीटर. बरगडीखाली कळ. मी तिच्या शेजारी येते. दोघी बोलत नाही, बोलायला हवा नाही. हलगीवाल्या पोरांना काय चाललं आहे ते दुरूनच कळतं आणि ती उभी राहून वाजवायला लागतात. शेवटच्या वळणावर मी आतली बाजू घेते. चारशे मीटर, तीनशे. ती पुढं, मी पुढं. कुणीतरी "पिवळी! पिवळी!" ओरडतं, जरी दोघींच्याही टोप्या केव्हाच्या कुंपणात पडल्यात. कमान दिसते. मी हात कसे हलवते आहे, तोंड कसं झालं आहे याचे फोटो नंतर येतील आणि मी ते कुणाला दाखवणार नाही. चटई ओलांडताना चिप बोलते. मग पुन्हा एकदा बोलते, माझ्या मागं.

मी गुडघ्यांवर हात टेकून उभी. गळ्यात कुणीतरी पदक घालतं, ते नाकाला लागतं. ती शेजारी जमिनीवरच बसली आहे, पाय पसरून.

"एकदा बी मागं बघितलं न्हाईस," ती म्हणते. मघाचं 'तुमी' शेवटच्या किलोमीटरमध्ये गळून पडलेलं दिसतं.

"बघितलं असतं तर पडले असते."

"मला वाटलंच. म्हणून तर मी आवाज करत हुतो." ती हसते, मग खोकते, मग पुन्हा हसते. आमचे हे थर्मास घेऊन येतात. तिघांत चहा दोन झाकणं निघतो. उपम्याच्या रांगेतून केळी येतात. ती दोन केळी खाते आणि तिसरं पिशवीत टाकते.

निकालाचा कागद तंबूला चिकटवल्यावर सगळे तिकडं धावतात. माझी एकूण वेळ एक तास एकोणचाळीस मिनिटं वीस सेकंद, गटात पाचवी. तिची एक छत्तीस चोवीस. म्हणजे कमानीत मी चार सेकंदांनी पुढं आणि कागदावर ती जवळपास तीन मिनिटांनी. पन्नाशीच्या गटात ती पहिली आहे. तिच्या नावाखाली आणखी दोनच नावं.

"तिघीत कसला आलाय नंबर?" ती कागदाला बोट लावून वरचा गट वाचते. माझं नाव सापडतं, तिथं बोट थांबतं, आणखी वर जातं. मग ती तरातरा टेबलाकडं निघते. लॅपटॉपवरचा मुलगा मान वर करतो.

"फुडच्या टायमाला माझं नाव चाळीसच्या गटात घाला. गुलाबी टोपीत."

"मावशी, ते जन्मतारखेवर असतंय."

"मग तारीख बदला की. मी काय कमी धरा म्हणतो का, जास्तीच्यात घाला म्हणतो."

मुलगा विचारात पडतो. त्याला तिचं म्हणणं पटायला लागलंय अशी मला शंका येते. मी केळ्याचं साल टाकून लगबगीनं टेबलापाशी जाते. ती तिथं आली तर मी सहावी.

"तो बरोबर सांगतोय," मी म्हणते. "नियम म्हणजे नियम."